कानाचा निर्णय

९ जानेवारी

आजपासून लिहायचं ठरवलं. थोरले संपादक म्हणत, मोठं काम हातात घेताना रोजनिशी ठेवावी, म्हणजे चूक कुठून आत शिरली ते पुढे सापडतं. ते गेल्यावर त्यांची रोजनिशी मी वाचली. तीत बहुतेक हवामान होतं.

काम असं. मालकांनी पर्यायकोशाला तोंडी होकार दिला आहे. एकेक इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याच्या अर्थछटा मांडायच्या, प्रत्येक छटेला मराठी पर्याय द्यायचे आणि कोणता पर्याय कुठे बसतो, कुठे बसत नाही, ते वाक्यांतून दाखवायचं. पण आधी एका शब्दाचा नमुना. साधा, रोजचा शब्द, पूर्ण करून द्यायचा. सल्लागार मंडळ तो वाचणार. पसंत पडला तर कोश. नाही पडला तर मी पुन्हा शालेय गाइडांच्या प्रश्नोत्तरांवर. मालकांनी हे हसत सांगितलं. ते सगळंच हसत सांगतात. थोरल्यांना निवृत्त व्हायलाही त्यांनी हसतच सांगितलं होतं.

शब्द मी निवडला. केअर.

मुद्रितशोधक म्हणाला, "सोपा घेतलात." त्याला चुका दिसतात, शब्द दिसत नाहीत.

१० जानेवारी

पद्धत लिहून ठेवतो. पुढे कुणी विचारलं तर सांगता यावी.

एक वाक्य घ्यायचं. त्यातला शब्द काढून तिथे पर्याय बसवायचा. दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचून दाखवायची. शिकलेल्या माणसाला नाही, कारण तो व्याकरण शोधत बसतो. घरातल्या माणसाला. त्याने फक्त 'चालेल' किंवा 'नाही चालणार' एवढंच म्हणायचं. का, ते आपण विचारायचं नाही. तो निर्णय अंतिम. अशा माणसाला आमच्या कचेरीत 'कान' म्हणतात. थोरल्यांचा कान त्यांची आई होती. माझा कान म्हणजे बायको.

मागच्या दोन्ही कोशांना तीच कान होती. एकदा मी 'वाहता रस्ता' वाचलं. थोरल्यांनी ते आधीच खोडून ठेवलं होतं, त्यांच्या मते त्याला इंग्रजीचा वास येत होता. बायको म्हणाली, चालेल. मी तसं कळवलं. थोरले चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी त्यांची आई त्यांना म्हणाली, रस्ता वाहता आहे, जपून जा. त्यांनी येऊन खोडलेलं पुन्हा लिहिलं. त्यानंतर ते बायकोचा निर्णय माझ्यापेक्षा वरचा मानायचे. मुद्रितशोधक अजून म्हणतो, वहिनींचा कान म्हणजे सोनाराचा काटा.

प्रस्तावनेत बांधणीवाल्याचे आभार असतात. कानाचं नाव घालायची पद्धत नाही.

१३ जानेवारी

पहिली छटा, काळजी. इंग्रजीत मन खाणारी काळजी आणि हाताने केलेली काळजी वेगवेगळ्या वाटेने जातात. मराठीत शब्द एकच, फरक क्रियापदाचा. काळजी असते आणि काळजी घेतात. असते ती फुकट, घ्यायला कष्ट पडतात. हे टिपणात घालायचं, शेवटचं वाक्य सोडून.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कागद मांडले. वाचलं, "आई आजारी मुलाची काळजी घेते." मग "आई आजारी मुलाची चिंता घेते." बायको म्हणाली, परत वाचा. परत वाचलं. म्हणाली, जरा सावकाश. तिसऱ्या वेळी म्हणाली, नाही चालणार. बरोबर. पण पूर्वी ती वाक्य अर्ध्यात तोडायची.

टेबलावरचा दिवा तिने माझ्या बाजूला वळवला. डोळ्यांवर येतो. मी पुन्हा कागदांवर वळवला.

१५ जानेवारी

शेजाऱ्यांकडे चहाला गेलो होतो. परतताना जिन्यात बायको म्हणाली, "डावीकडून कुणी बोललं की हल्ली शेजारच्या घरात बोलल्यासारखं वाटतं."

काय वाक्य आहे. 'डिस्टंट'च्या खाली चपखल बसेल. जिन्यातच थांबून खिशातल्या कागदावर उतरवून घेतलं. ती वरच्या पायरीवर उभी राहून बघत होती. मी म्हटलं, असंच बोलत जा. तिने मान हलवली.

असे बोलीतले दाणे आयते कुठे मिळतात.

१८ जानेवारी

दुसरी छटा, निगा. झाडांची, केसांची, दातांची, गाडीची. माणसाची निगा राखतात, पण तो माणूस अंथरुणात असावा लागतो. हिंडत्याफिरत्या माणसाची निगा कुणी राखत नाही.

आज बायको म्हणाली, मिशी कापा जरा, ओठांवर येते. इतक्या वर्षांत मिशीबद्दल तिने ब्र काढला नव्हता. कापली. संध्याकाळी वाक्यं वाचताना ती माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी बघायची तशी. मी ओशाळलो. या वयात! एक वाक्य चुकीचं वाचलं.

दिवा पुन्हा माझ्याकडे वळवला होता. राहू दिला.

२२ जानेवारी

दूध उतू गेलं. ती ओट्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसून वर्तमानपत्र वाचत होती. भांडं तडतडत होतं, जळका वास आतल्या खोलीत माझ्यापर्यंत आला, तेव्हा ती उठली. परवा बाहेरचं दार दिवसभर नुसतं लोटलेलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, घंटा वाजवत कुणाला ताटकळत ठेवायला नको. हे काय कारण झालं? चोर घंटा वाजवून येतो का?

निष्काळजी हा शब्द फक्त दुसऱ्याबद्दल वापरतात. स्वतःबद्दल माणूस म्हणतो, राहून गेलं.

२५ जानेवारी

मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला आहे. दर रविवारी फोन करायची. आता करत नाही. आईला लिहून पाठवते आणि आईही लिहून उत्तर देते. फोन हातात घट्ट धरून बसते, थरथरला की बघते. मायलेकी तासन्‌तास बोटांनी बोलतात. मला कळू नये असं त्यांच्यात काय आहे, कोण जाणे. मी विचारलं नाही. मी विचारावं म्हणून तर ते चाललं नसेल?

सकाळी बायको म्हणाली, "दवाखान्यात याल का माझ्याबरोबर? एकटीला नको वाटतं. डॉक्टर काय बोलतात ते..." मी म्हटलं, नमुना झाला की जाऊ. ती बरं म्हणाली. कशासाठी जायचं ते विचारायचं राहून गेलं. गुडघे असतील.

२९ जानेवारी

तिसरी छटा, दक्षता. पाकिटावरच्या 'केअर ऑफ'ला आपण 'द्वारा' म्हणतो. त्यात काळजीचा मागमूस नाही, नुसता पत्ता आहे. रुग्णालयातल्या 'इंटेन्सिव्ह केअर'ला अतिदक्षता. दक्षता आत ठेवली, काळजी बाहेरच्या बाकावर नातेवाइकांना दिली. हे मुद्रितशोधकाला सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही नमुन्यात हेच लिहा, बाकीचं राहू द्या. तो चेष्टा करत होता की नाही, कळलं नाही.

२ फेब्रुवारी

चौथी छटा. हिच्यासाठीच मी केअर निवडला होता. पर्वा. तमा. फिकीर. मुलाहिजा. हे चारही शब्द मराठीत नकाराशिवाय जवळजवळ उभेच राहत नाहीत. पर्वा नाही, तमा बाळगली नाही, फिकीर कुणाला, मुलाहिजा ठेवला नाही. 'मला तुझी पर्वा आहे' असं घरात कुणी म्हणत नाही. मराठी माणसाला पर्वा नसते तेव्हाच ती दिसते. मंडळातल्या विद्वानांपैकी एकाच्याही ध्यानात हे आलेलं नसणार. नमुना याच एका परिच्छेदावर तरेल.

संध्याकाळी सिद्ध करायला वाक्यं वाचली. "तिला माझ्या कामाची पर्वा नाही." चालेल, म्हणाली. मग "तिला माझ्या कामाची पर्वा आहे." आता नाही चालणार म्हणेल म्हणून पेन टेकवून बसलो.

"चालेल," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. पुन्हा चालेल, आणि वर हसली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की काय? पण कानाने बरं वाटायला लावायचं नसतं. माझा परिच्छेद लटकला.

५ फेब्रुवारी

आज वाचलेल्या सगळ्या वाक्यांना चालेल. "बागेची शुश्रूषा", चालेल. "पाहुण्यांची खबरदारी केली", चालेल. वाक्य संपतं न संपतं तोच चालेल. परत वाचा नाही, सावकाश वाचा नाही. हात मांडीवर, नजर माझ्या तोंडावर.

दिवा आता ती रोजच वळवून ठेवते.

८ फेब्रुवारी

कचेरीत बोलून गेलो. मुद्रितशोधक म्हणाला, वहिनी रुसल्या असतील. काही आणायचं, न्यायचं राहिलंय का? मी म्हटलं, दवाखान्यात जायचं होतं, पण एवढ्यावरून कोण रुसतं. तो म्हणाला, "साहेब, बाई भांडते तोवर संसार चालू असतो. चालेल म्हणायला लागली की समजायचं, दुकान आवरलं."

त्याची बायको माहेरी आहे. तरी दिवसभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

संध्याकाळी मी मुद्दाम कागद काढले नाहीत. तिनेही विचारलं नाही. दूरचित्रवाणी लावून बसली. आवाज बंद, खालच्या अक्षरपट्ट्या वाचत. मी असताना आवाज नको, असं असणार. घरात असून मला एकटं पाडायच्या किती तऱ्हा.

१० फेब्रुवारी

आज परीक्षा घेतली. कानाची घेऊ नये, असं थोरले म्हणायचे. पण आता खात्री करायलाच हवी होती.

देखभालीच्या पर्यायांत 'डागडुजी' होता. भिंतीची, कौलांची, फार तर जुन्या बुटांची. मी वाक्य केलं, "परिचारिकेने रात्रभर रोग्याची डागडुजी केली." अगदी गंभीर चेहऱ्याने वाचलं. शब्द न् शब्द सुटा.

ती म्हणाली, "चालेल."

म्हणजे ही चेष्टा आहे. 'वाहता रस्ता' ओळखणारी बाई रोग्याची डागडुजी ओळखत नाही, हे कुणाला खरं वाटेल? माझ्या तोंडाकडे बघत, शांतपणे, तिने माझ्या कामावर बोळा फिरवला. भांडली असती तर परवडलं असतं.

मी कागद गोळा केले. तिने विचारलं, झालं का आजचं? मी उत्तर दिलं नाही. तिने पुन्हा विचारलंही नाही. चहाचा कप तेवढा माझ्यापुढे सरकवला.

११ फेब्रुवारी

विचार केला. कानाचा निर्णय अंतिम. का, ते विचारायचं नाही. नियम थोरल्यांचा आहे, मी तो तिच्यासाठी मोडणार नाही. तिने जे जे चालेल म्हटलं ते ते नमुन्यात जाईल. पाहुण्यांची खबरदारी जाईल. रोग्याची डागडुजीही जाईल. छापलेलं बघून तिलाच लाज वाटू दे.

शिवाय, कोण जाणे, तिचंच बरोबर असेल. 'वाहत्या रस्त्या'च्या वेळी थोरलेही चुकले होते. लोक हल्ली शरीराबद्दल यंत्रासारखं बोलतात. भाषा पुढे गेली असेल आणि मी मागे राहिलो असेन. हा मुद्दा मंडळापुढे मांडता येईल.

पर्वेचा परिच्छेद काढून टाकला. कानाने पाडला.

१४ फेब्रुवारी

नमुना दिला. मालक हसले. म्हणाले, जाडजूड झालाय.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, बरं झालं. मग दवाखान्याचं? मी म्हटलं, आता मंडळाची बैठक होऊ दे. जीव टांगणीला लागलेला असताना तिथे बाकावर कोण बसणार?

ती एकटीच जाऊन आली असावी. ओट्यावर कुठल्याशा थेंबांची बाटली दिसली. डोळ्यांचे असतील.

३ मार्च

मालकांनी दुपारी बोलावलं. ते हसत नव्हते, त्यावरूनच कळलं.

मंडळातल्या एका प्राध्यापिकेने नमुना बैठकीत वाचून दाखवला. खबरदारीपर्यंत सगळे गप्प होते. "परिचारिकेने रात्रभर रोग्याची डागडुजी केली" म्हटल्यावर कुणाच्या तरी हातातला चहा सांडला. त्यानंतर कुणी काही ऐकलंच नाही. जाता-येता एकमेकांना विचारत होते, तब्येत कशी, डागडुजी चालू आहे ना? प्राध्यापिकेने शेरा लिहिला आहे, "ही वाक्यं कोणत्याही मराठी तोंडातून निघणार नाहीत. संपादकाने ती कुणाला वाचून दाखवली होती का?"

मी मालकांना पद्धत सांगितली. ते म्हणाले, पद्धत राहू द्या, गाइडांचा हंगाम आलाय.

घरी आलो. बायको दाराकडे पाठ करून भाजी चिरत होती. मी दारातूनच सांगितलं, नमुना नाकारला. वळली नाही. पुन्हा म्हटलं, मोठ्याने. पुढे काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. शेजारच्या खिडकीत पडदा हलला, इतक्या मोठ्याने. ती चिरत राहिली. शेवटी जाऊन खांदा धरला. ती एवढी दचकली की सुरी हातातून निसटून जमिनीवर पडली.

"केव्हा आलात?" तिने विचारलं.

मी कागद तिच्यापुढे टाकला आणि वाक्यावर बोट ठेवलं. "याला तू चालेल म्हणालीस."

तिने ते ओठ हलवत वाचलं. मग हसली. मोकळं, पूर्वीसारखं. "रोग्याची डागडुजी! हे कोण म्हणेल?"

"तू म्हणालीस."

तिचं हसू हळूहळू विझलं. तिने हात पदराला पुसले आणि खुर्चीवर बसली. मलाही समोर बसायला सांगितलं. तिथे, उजेडात. बसलो.

"तुमचं वाक्य संपलं," ती म्हणाली, "की तुम्ही भुवया वर करता. तेव्हा मी चालेल म्हणते."

मी विचारलं, "आणि नाही चालणार?"

"त्याची खूण तुमच्या चेहऱ्यावर नाही."

डावा कान जाऊन बराच काळ झाला. उजवा या हिवाळ्यात उतरत गेला. मिशी कापल्यावर काही दिवस ओठांवरून भागत होतं. पण माझी वाक्यं कोशातली, कुणी बोलत नाही अशी, म्हणून पुढचा शब्द ओळखता येत नाही. हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. धोब्याचा हिशेब सांगावा तसं सांगितलं.

मी म्हटलं, सांगायचं नाही का?

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "जिन्यात. तुम्ही लिहून घेतलंत."

४ मार्च

मागची पानं उलटली. लिहिलेलं आहे.

५ मार्च

मालकांना चिठ्ठी पाठवली. दोष कानात होता, पद्धतीत नव्हता, हे स्पष्ट केलं. कान बदलून नमुना पुन्हा देण्याची परवानगी मागितली. पर्वेचा परिच्छेद मुळात बरोबर होता, हेही कळवलं.

मुद्रितशोधकाला सगळं सांगितलं. त्याने हातातल्या मुद्रितावर एक रेघ मारली. मग म्हणाला, कान हवा असेल तर माझी सासू घ्या, भिंतीपलीकडचं ऐकते. मी पत्ता विचारला.

७ मार्च

मुलगी आली. आईला घेऊन मोठ्या रुग्णालयात गेली. मीही गेलो. बाकावर बसलो. आत रुग्णासोबत एकालाच सोडत होते.

बाहेर आल्यावर मुलगी माझ्यापासून दोन जागा सोडून बसली. म्हणाली, डावा कान आतून पूर्ण खराब झालाय. बरेच महिने वाहत होता. आईने स्वतःच थेंब आणून घातले, तेही चुकीचे. उजव्यात यंत्र बसवलं तर थोडं ऐकू येईल. वर्षभर आधी आणलं असतं तर डावाही राहिला असता. निदान जानेवारीत आणलं असतं तर उजवा इतका खाली गेला नसता.

मी म्हटलं, "जानेवारीत नमुना होता."

"कसला नमुना, बाबा? घरात एक होता तो कमी पडला का?"

बाकावर आणखी लोक होते. मी हळू बोल म्हटलं. ती म्हणाली, हळू कशाला, आईला ऐकू जाणार नाहीये.

मग ती म्हणाली, "तुम्ही रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून वाचत होता. रोज. मला चारशे मैलांवरून कळलं."

मी म्हटलं, तिने नीट सांगायला हवं होतं. मुलगी उठून पाणी आणायला गेली. एकाच माणसापुरतं आणलं, आईपुरतं.

८ मार्च

मुलगी आईला आपल्याकडे न्यायचं म्हणत होती. दोघी बराच वेळ बोटांनी बोलत होत्या. आई नाही म्हणाली असावी. का, ते मला कुणी सांगितलं नाही. जाताना मुलगी आईच्या पाया पडली. माझ्याही पडली, पण रुमाल खाली पडल्यावर उचलायला वाकावं तशी.

मालकांचं उत्तर नाही.

२१ मार्च

यंत्र बसवलं. बोटाच्या पेराएवढं आहे. डबीत ठेवायचं, भिजवायचं नाही. घरी येताना बायको रस्ताभर थांबत होती. सायकलची घंटा, कुणाच्या चपला, गटाराच्या झाकणावरून गेलेली गाडी. प्रत्येक वेळी मान वळवून बघायची. घरी आल्यावर तिने नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. दूध तापत ठेवून त्याच्याशेजारी उभी राहिली. शेजारीण आली, तिच्याशी अर्धा तास बोलली. हसण्याचा आवाज आतल्या खोलीत येत होता. किती दिवसांनी.

तिचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटतो, म्हणून हळू बोलते. मला पुढे वाकावं लागतं.

२४ मार्च

मालकांचं उत्तर आलं. गाइडांची यादी आहे. सोबत एक ओळ, तुमच्या पत्नीला लवकर आराम पडो. म्हणजे त्यांना मुद्दा कळलाच नाही.

नमुना मात्र पुरा करायचा ठरवलं. प्रकाशक आणखीही आहेत. आता कान दुरुस्त आहे, वाक्यं पहिल्यापासून तपासून घेता येतील. पर्वेपासून सुरुवात करावी.

२५ मार्च

संध्याकाळी टेबल पुसून कागद मांडले. ती स्वयंपाकघरात होती. मी हाक मारली. पहिल्याच हाकेला आली. मला फार बरं वाटलं, तसं म्हटलंही.

ती समोर बसली. मांडलेले कागद तिने पाहिले. मग कानाकडे हात नेऊन यंत्र काढलं, डबीत ठेवलं, डबी मिटली. दिवा माझ्या चेहऱ्याकडे वळवला. हात मांडीवर.

मी म्हटलं, घालून बस ना. तिला ओठांवरून कळलं असणार, रोजचंच वाक्य होतं.

"वाचा तुम्ही," ती म्हणाली.

मी वाचलं. "तिला माझ्या कामाची पर्वा आहे." भुवया जागच्या हलू दिल्या नाहीत. ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली. मीही थांबलो. शेजारी कुणीतरी भांडी लावत होतं, तो आवाज मला येत होता. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर टिपून ठेवला असता. ती नुसती थांबली होती.

शेवटी मीच भुवया वर केल्या.

"चालेल," ती म्हणाली.